आसवारिष्टे, वाहनचालक आणि नाक्यावरील श्वासचाचणी

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. रात्री पावणेअकराच्या सुमारास घरचा दूरध्वनी खणखणला. पलीकडे माझा एक रुग्ण होता. कारखान्यातील रात्रपाळीच्या कामगारांना नेणारी बस चालविणे हा त्याचा व्यवसाय. कटिशूलासाठी त्यास काही योग व भोजनोत्तर दशमूलारिष्ट ३० मिलि. समभाग पाण्यासह असे औषध मीच दिले होते. त्या रात्री त्याने गाडीतच डबा खाल्ला, अरिष्ट घेतले आणि गाडी सुरू केली. पाच मिनिटांच्या अंतरावर नाकाबंदी होती. त्याने यंत्रात फुंकर मारली आणि पडद्यावर ४६ हा आकडा उमटला. कायद्याची मर्यादा ३० ची. "डॉक्टरसाहेब, आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. तुमच्या औषधापायी माझी नोकरी जाणार का?" असे तो विचारत होता.

सव्वीस वर्षांच्या व्यवसायात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि तो विचारला जाईल याचा मीही विचार केला नव्हता. जे सुचले ते सांगितले: अधिकाऱ्यांना औषधाची बाटली दाखव, साध्या पाण्याने चांगल्या चुळा भर आणि वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घेण्याची विनंती कर. अधिकारी समंजस निघाले. दुसऱ्या चाचणीत आकडा शून्य आला आणि बस मार्गस्थ झाली.

प्रसंग निभावला, तरी मला त्या रात्री झोप लागली नाही. अधिकाऱ्यांनी विनंती मान्य केली नसती तर? चालकाला आपले अधिकार ठाऊक नव्हते, आणि ज्याने त्याला औषध दिले त्या वैद्यालाही ते ठाऊक नव्हते. पुढील काही दिवस मोटार वाहन अधिनियम, १९८८ हाताशी घेऊन बसलो. त्या वाचनातून आपल्या व्यवसायबंधूंना व औषधालयचालकांना उपयुक्त वाटेल ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे.

कायदा नेमके काय म्हणतो?

मद्यप्राशन करून वाहन चालविण्याचा अपराध अधिनियमाच्या कलम १८५ मध्ये सांगितला आहे. त्याचे दोन स्वतंत्र भाग आहेत. पहिला भाग अल्कोहोलचा. श्वासविश्लेषक यंत्राच्या अथवा प्रयोगशाळेतील चाचणीसह अन्य कोणत्याही चाचणीत १०० मिलि. रक्तामागे ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळणे, हा अपराध होय. दुसरा भाग अमली द्रव्याचा. वाहनावर योग्य ताबा ठेवता येऊ नये इतका त्याचा प्रभाव असणे, हा अपराध होय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा घडलेल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, कायदा अल्कोहोल कोठून आले हे विचारीत नाही. ते मद्यातून आले की औषधातून, याने कलम १८५ च्या पहिल्या भागात काही फरक पडत नाही. "औषध होते" हा बचाव ३० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास स्वतःहून तारून नेत नाही. दुसरी अशी की, अपराध ३० मिलिग्रॅमच्या वर सुरू होतो. तोंडाला वास येणे किंवा यंत्राने अल्कोहोलचे अस्तित्व दर्शविणे म्हणजेच या भागाखालील अपराध सिद्ध होणे नव्हे. चालकाने म्हणूनच नेमका आकडा पाहावा आणि त्याची छापील प्रत मागून घ्यावी.

या अपराधात जागेवर तडजोड शुल्क भरून मोकळे होता येत नाही. कलम २०० खालील तडजोडयोग्य अपराधांच्या यादीत कलम १८५ नाही. प्रकरण न्यायालयातच जाते. "काहीतरी देऊन मिटवू" असे म्हणणारा मनुष्य, तो कोणीही असो, बेकायदेशीर गोष्ट सुचवीत असतो.

नाक्यावर चालकाचे अधिकार व कर्तव्ये

श्वासचाचणीची तरतूद कलम २०३ मध्ये आहे. गणवेशातील पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा प्राधिकृत अधिकारी सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविणाऱ्यास श्वासाचा नमुना देण्यास सांगू शकतो. मात्र त्यासाठी कलम १८५ खालील अपराधाचा संशय घेण्यास वाजवी कारण असावे लागते. चाचणी तेथेच किंवा जवळपास घ्यावयाची असते. यंत्र केंद्र सरकारने राजपत्रातील अधिसूचनेद्वारे मान्य केलेल्या प्रकारचे असावे लागते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे शब्द याच कलमात आहेत: श्वासाचे "एक किंवा अधिक" नमुने. म्हणजे दुसरा नमुना घेणे अधिकाऱ्याच्या अधिकारकक्षेत येते. चालकाने दुसऱ्या चाचणीची विनंती केली तर तो कायद्याबाहेरचे काही मागत नाही. दुसरी संधी ही अधिकाऱ्याची मेहेरबानी ठरू नये यासाठी विनंतीचे कारण स्पष्ट सांगावे: "मी अमुक वाजता अल्कोहोलयुक्त औषध घेतले आहे, तोंड धुऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यावी." शिवाय याच कलमानुसार अटक झालेल्या व्यक्तीला पोलीस ठाण्यात श्वासाचा नमुना देण्याची संधी द्यावीच लागते. नाक्यावर विनंती अमान्य झाली तरी ही संधी उरते, आणि ठाण्यापर्यंत जाण्यात जो वेळ जातो तो निरपराध चालकाच्या पथ्यावरच पडतो.

यंत्राची नळी नवी, बंद वेष्टनातील असावी आणि फुंकण्यापूर्वी यंत्रावर शून्य दिसत असावे, असे विनयाने म्हणण्यास काहीच हरकत नाही. वाहनपरवाना मागितल्यास तो दाखविणे मात्र चालकाचे कर्तव्य आहे. डिजिलॉकर वा एमपरिवहनमधील इलेक्ट्रॉनिक प्रतही चालते.

चाचणी नाकारावी का?

"फुंकायचेच नाही, म्हणजे पुरावाच नाही" असा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. तो घातक आहे. चाचणी नाकारणाऱ्याने अल्कोहोल घेतले असल्याचा संशय घेण्यास वाजवी कारण असेल तर कलम २०३ नुसार त्यास वॉरंटाशिवाय अटक करता येते. शिवाय कलम २०५ नुसार वाजवी कारणावाचून दिलेला नकार खटल्यात अभियोगपक्षाच्या पुराव्यास पुष्टी देणारी परिस्थिती म्हणून गृहीत धरता येतो. स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती नाही, हे घटनेच्या अनुच्छेद २० (३) मधील संरक्षण येथे पुढे केले जाते. तथापि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने यांसारखा शारीरिक पुरावा या संरक्षणात बसत नसल्याचा निर्णय दिलेला आहे. त्यामुळे नकाराला त्या अनुच्छेदाचा भक्कम आधार मिळत नाही. निर्दोष चालकाने तर चाचणी टाळूच नये. खरा आकडा हाच त्याचा बचाव असतो.

अटक झाल्यास

कलम १८५ खालील अपराध जामीनपात्र आहे. जामीन हा येथे हक्क आहे. अटक करताना तिची कारणे सांगणे, आप्तास वा मित्रास कळविणे, अटकेचे टिपण करून त्यावर साक्षीदाराची स्वाक्षरी घेणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे ही पोलिसांवरील बंधने आहेत. ती घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये, डी. के. बसू प्रकरणातील १९९६ च्या निकालात आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आढळतात. चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलास भेटण्याचा हक्कही संहितेने दिला आहे.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०२ मधील एक परंतुक मात्र फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीकडून तपासणी झाली पाहिजे. तशी ती न झाल्यास त्या व्यक्तीला कोठडीतून मुक्त करावे लागते. यामुळे खटला संपत नाही, पण कोठडी संपते. म्हणून अटकेची वेळ टिपणात अचूक नोंदली गेली आहे ना, हे चालकाने वा त्याच्या आप्तांनी आवर्जून पाहावे.

परवान्याबाबत २०१९ च्या दुरुस्तीने नियम कडक झाला आहे. कलम १८५ खालील अपराध घडल्याचे मानण्यास कारण असल्यास अधिकारी परवाना ताब्यात घेऊन तो निलंबनाच्या वा रद्द करण्याच्या कार्यवाहीसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे पाठवितो. त्याची पोचपावती मिळते. तथापि त्या पावतीवर वाहन चालविता येत नाही. ज्याचे पोट चालकपणावर आहे त्याला खरी शिक्षा दंडापेक्षा येथेच होते. वाहनाबाबत, सोबत मद्य न घेतलेली व परवानाधारक व्यक्ती असल्यास तिच्या हाती वाहन द्यावे, असे मार्गदर्शन तेलंगणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केले. महाराष्ट्रात तो निर्णय बंधनकारक नसला तरी विनंती करताना त्याचा दाखला देता येतो.

रक्तचाचणी आणि वैद्याचे स्थान

श्वासयंत्राने अल्कोहोल दर्शविल्यास किंवा चाचणी नाकारल्यास कलम २०४ नुसार अटक झालेल्या व्यक्तीकडून रक्ताचा नमुना घेता येतो. तो नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीनेच घ्यावयाचा असतो. चालक स्त्री व तपासणारा पुरुष असल्यास दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती अनिवार्य आहे. पृथक्करण केंद्र वा राज्य सरकारच्या अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतच व्हावे लागते. अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मिळणे हाही अटक झालेल्या व्यक्तीचा हक्क आहे.

आपले अनेक पदवीधर बंधुभगिनी ग्रामीण भागात शासकीय वैद्यकीय अधिकारी म्हणून कार्यरत आहेत. त्यांनी ध्यानी ठेवावे की, रक्त घेताना त्वचेवर स्पिरिटचा बोळा फिरविणे म्हणजे नमुन्यास दूषित करणे होय. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी नियमांनीही रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ नये हे सांगितलेले आहे. कुपीत रक्त गोठू न देणारे व कुजू न देणारे द्रव्य असावे, सहसा पोटॅशियम ऑक्झलेट व सोडियम फ्लोराइड. मोहोर, नाव, वेळ व स्वाक्षरी यांत कुचराई झाली तर निरपराध अडकतो किंवा अपराधी सुटतो.

आपल्या रुग्णालयात अपघातग्रस्त चालक आंतररुग्ण म्हणून दाखल असेल तर कायद्याने आपल्यावर विशेष जबाबदारी सोपविली आहे. त्याच्या श्वासाचा वा रक्ताचा नमुना मागण्यापूर्वी उपचार करणाऱ्या वैद्यास सूचना द्यावी लागते. नमुना देण्याने योग्य उपचारास बाधा येईल, असे त्याचे मत असल्यास तो हरकत घेऊ शकतो. ही हरकत केवळ रुग्णाच्या प्रकृतीसाठी आहे. रुग्णाला खटल्यातून वाचविण्यासाठी ती घेणे हा या तरतुदीचा दुरुपयोग ठरेल.

आसवारिष्ट आणि आकड्यांचे गणित

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाने सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात चौऱ्याऐंशी आसवांची गणना केली आहे आणि शार्ङ्गधराने मध्यम खंडाच्या दहाव्या अध्यायात संधानाचा विधी सांगितला आहे. गूळ, मध, धायटीची फुले व औषधिद्रव्ये यांच्या संधानातून अल्कोहोल आपोआप उत्पन्न होते. तेच कल्पाचे रक्षण करते आणि औषधिगुणांचे वहनही करते. बहुतेक प्रचलित आसवारिष्टांत त्याचे प्रमाण ५ ते १० टक्क्यांच्या आसपास असते.

हिशेबासाठी १० टक्के हे वरचे प्रमाण धरू. ३० मिलि. अरिष्टात ३ मिलि. अल्कोहोल, म्हणजे वजनाने सुमारे २.४ ग्रॅम. विडमार्कच्या प्रसिद्ध सूत्राने सत्तर किलो वजनाच्या पुरुषात ते पूर्ण शोषले गेले तरी रक्तातील प्रमाण १०० मिलि.मागे सुमारे ५ मिलिग्रॅम होते. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीत ते साधारण ८ ते ९ मिलिग्रॅम होईल. यकृत दर तासाला सुमारे १० ते २० मिलिग्रॅम या वेगाने रक्तातील अल्कोहोल कमी करते. म्हणजेच योग्य मात्रेत, भोजनोत्तर घेतलेले आसवारिष्ट रक्तातील मर्यादा ओलांडूच शकत नाही आणि तासाभरात त्याचा मागमूसही राहत नाही.

हेच गणित उलट दिशेने केल्यास तितकेच बोलके ठरते. सत्तर किलोच्या पुरुषास ३० मिलिग्रॅमची पातळी गाठण्यासाठी असे सुमारे १८० मिलि. अरिष्ट थोड्या वेळात प्यावे लागेल, तर पन्नास किलोच्या स्त्रीस सुमारे १०५ मिलि. "आयुर्वेदिक आहे, कितीही घ्या" असे समजून अर्धी बाटली रिचविणारा मनुष्य म्हणूनच सुरक्षित नाही. औषधनिर्माणविषयक नियमांनी मृतसंजीवनी सुरेच्या बाटलीस ३० मिलि. व महाद्राक्षासवाच्या बाटलीस १२० मिलि.ची कमाल मर्यादा घातली आहे, तिच्यामागील हेतू यातून स्पष्ट होतो.

मग त्या बसचालकाच्या यंत्रात ४६ हा आकडा कसा आला? याचे उत्तर रक्तात नसून मुखात आहे. यंत्र फुप्फुसाच्या खोल भागातून येणाऱ्या हवेतील अल्कोहोल मोजते आणि रक्त व श्वास यांचे २१०० ला १ असे प्रमाण धरून आकडा देते. मुखात, दातांच्या फटींत वा कवळीखाली औषधाचा अंश उरला असेल तर त्याची वाफ श्वासात मिसळते आणि यंत्र तिलाही २१०० ने गुणते. हा मुखस्थ अंश सर्वसाधारणपणे पंधरा ते वीस मिनिटांत नाहीसा होतो. अल्कोहोलयुक्त गुळण्यांचे द्रव, खोकल्याची काही पातळ औषधे आणि नुकतेच घेतलेले आसव या सर्वांचे वर्तन सारखेच असते. आम्लपित्ताच्या रुग्णास आंबट ढेकर आल्यास जठरातील अंशही मुखात येऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये केरळमधील पंदळम येथील राज्य परिवहन आगारात पिकलेला फणस खाल्लेल्या चालकांच्या श्वासात यंत्राने अल्कोहोल दाखविल्याचे वृत्त गाजले. त्याचेही मर्म हेच.

सारांश असा की, रक्तातील अल्कोहोल हळूहळू उतरते आणि मुखातील झटपट. वीस मिनिटांत ४६ वरून शून्यावर आलेला आकडा मुखाचा असतो. वीस मिनिटांनीही जवळपास तसाच राहिलेला आकडा रक्ताचा असतो. दुसऱ्या चाचणीचे महत्त्व यातच आहे.

अमली द्रव्याचा दुसरा भाग

कलम १८५ च्या दुसऱ्या भागाकडे आपण दुर्लक्ष करतो. २०१९ च्या दुरुस्तीने अमली द्रव्याच्या व्याख्येत अल्कोहोलखेरीज कोणताही मादक पदार्थ, मग तो नैसर्गिक असो वा कृत्रिम, अंतर्भूत केला आहे. विजया, अहिफेन, धत्तूर यांचा समावेश असलेले कल्प आपल्या व्यवहारात आहेत. ही द्रव्ये औषधनियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये येतात आणि असे कल्प वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावेत, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. येथे कोणतीही मिलिग्रॅमची मर्यादा नाही, वाहनावरील ताबा हाच निकष आहे. श्वासयंत्रही येथे निरुपयोगी आहे. त्यामुळे विजयायुक्त कल्प निद्रेसाठी देताना रुग्ण चालक आहे का, हे विचारणे हा प्रश्नपरीक्षेचा भागच मानावा.

एक प्रमाणपत्र, जे मी दिले नाही

बसचालकाच्या प्रसंगाची वार्ता गावात पसरली असावी. दोन महिन्यांनी एक परिचित गृहस्थ आपल्या धाकट्या भावासाठी चिकित्सालयात आले. भावाची मोटार आदल्या रात्री अडविली गेली होती आणि यंत्राने ११२ हा आकडा दाखविला होता. "तुम्ही त्या ड्रायव्हरला सोडवलंत ना? मग आमच्या भावाला पंधरा दिवसांपूर्वीच्या तारखेनं द्राक्षासव लिहून दिलंय एवढं लिहा," असे त्यांचे म्हणणे होते. हे गृहस्थ आमच्या घराण्याशी तीन पिढ्यांचा संबंध असलेले. नकार देणे मला सोपे नव्हते.

मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोर हिशेब मांडला. सत्तर किलोच्या माणसात ११२ मिलिग्रॅम होण्यासाठी सुमारे ५३ ग्रॅम अल्कोहोल लागते. दहा टक्क्यांच्या आसवात ते जवळजवळ पावणेसातशे मिलि. भरते. साडेचारशे मिलि.च्या दीड बाटल्या एका बैठकीत! "असे प्रमाणपत्र मी दिले तर न्यायालयात हाच हिशेब कोणीही मांडील. भाऊ सुटणार नाही, आणि मीही त्याच्या शेजारी उभा राहीन," असे मी त्यांना सांगितले. खोटे प्रमाणपत्र देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खाली खोटी साक्ष देण्याइतकाच शिक्षापात्र अपराध आहे. मागील तारखेचा औषधपत्रक हा बनावट पुरावाच ठरतो. महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडील आपली नोंदणीही त्याने धोक्यात येते. ते गृहस्थ रागावून गेले. पुन्हा आले नाहीत.

तथापि भीती हे माझ्या नकाराचे मुख्य कारण नव्हते. प्रत्येक मद्यपी चालक "आयुर्वेदिक औषध घेतले होते" असे म्हणू लागला आणि आपण त्यास कागदाचा आधार देऊ लागलो, तर पुढच्या वेळी खरोखर दशमूलारिष्ट घेतलेल्या बसचालकाच्या शब्दावर कोणता अधिकारी विश्वास ठेवील? एक खोटे प्रमाणपत्र पुढील सर्व खऱ्या प्रमाणपत्रांची किंमत पुसून टाकते. रस्त्यावर जे चिरडले जातात त्यांचा विचार तर वेगळाच.

खऱ्या प्रकरणातही आपले प्रमाणपत्र अचूक असावे. औषधाचे नाव, मात्रा, काल, दिल्याचा दिनांक एवढेच त्यात असावे. "आकडा औषधामुळेच आला" असा निष्कर्ष आपण लिहू नये. तपासणी करणाऱ्यानेही जपून लिहावे. वास, अडखळते पाऊल, विस्फारलेल्या बाहुल्या व असंबद्ध बोलणे एवढ्यावरून मद्यप्राशनाचा निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात १९७१ मध्ये म्हटले. उलट २०२१ मधील एका विमा-प्रकरणात, चाचणी झालेली नसतानाही अन्य परिस्थितीच्या आधारे विमा कंपनीस दायित्व नाकारता येते, असे त्याच न्यायालयाने ठरविले. दिसले ते आणि तेवढेच लिहिणे, हा दोन्हींतून निघणारा बोध आहे.

चिकित्सालयात व औषधालयात काय करावे?

वैद्यबंधूंस नम्र सूचना अशा. रुग्णपत्रिकेवर व्यवसायाची नोंद असतेच. चालक असल्यास आसवारिष्टाची वेळ त्याच्या पाळीप्रमाणे ठरवावी. औषध घेतल्यावर चुळा भराव्यात आणि किमान अर्धा तास वाहन हाती घेऊ नये, असे लेखी लिहून द्यावे. शक्य तेथे त्याच गणातील क्वाथ, चूर्ण वा वटी योजावी. औषधपत्रक व देयक नेहमी सोबत ठेवण्यास सांगावे. पाळीवर मद्याचा थेंबही नको, कारण अरिष्टाचे ५ मिलिग्रॅम आणि मद्याचे २८ मिलिग्रॅम मिळून मर्यादा ओलांडली जाते, हेही समजावून द्यावे.

औषधालयचालकांनी वेष्टनावरील अल्कोहोलचे प्रमाण ग्राहकाच्या नजरेस आणून द्यावे आणि देयकावर बॅच क्रमांक लिहावा. एकच ग्राहक वारंवार चार-चार बाटल्या नेत असेल तर तो रुग्ण आहे की अन्य काही, याची विचारपूस करावी. सीमाभागातील औषधालयांनी गुजरातेत जाणाऱ्या ग्राहकास देयक सोबत ठेवण्याची आठवण करावी. तेथे मद्यबंदी आहे. महाराष्ट्राच्या कायद्यातही रक्तात ०.०५ टक्के वा अधिक अल्कोहोल आढळल्यास ते औषधातून आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवरच टाकलेली आहे. ती पार पाडण्यास कागदाखेरीज दुसरे साधन नसते.

बसचालक परवाच फेरतपासणीस आला होता. कंबर आता बरी आहे. दशमूलारिष्ट मी त्यास सकाळी, पाळी संपवून घरी आल्यावर घेण्यास सांगितले आहे. त्याच्या खिशात औषधपत्रकाची घडी घातलेली प्रत असते. ती काढून दाखवीत तो म्हणाला, "आता नाक्यावर छाती धडधडत नाही." त्या प्रतीवर "औषध घेतल्यानंतर वाहन चालवू नये" ही ओळ मी माझ्या हाताने लिहिली आहे. सव्वीस वर्षांत ती मी किती जणांच्या कागदावर लिहावयास हवी होती, याचा हिशेब मात्र आता मांडता येत नाही.